टँक नव्याने लावताना मासे आणि श्रिंप कुठे ठेवले: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

टँक ६० × ३० × ३० सेंटिमीटरचा, प्रत्यक्ष पाणी साधारण ४२ लिटर. चार वर्षं चालू आहे. तळाच्या सॉइलचे (झाडांसाठीच्या तयार मातीचे) दाणे विरघळून चिखल झालाय. बोट टेकवलं तरी गाळ उठतो आणि तासभर खाली बसत नाही. कितीही पाणी बदललं तरी नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी साठत जातं ते) ४० पीपीएमच्या खाली येईना. वरून केसाळ शेवाळ. डागडुजी पुष्कळ करून झाली, आता सगळा तळ काढून नवा घालायचा.

आत राहणारे असे: ९ एम्बर टेट्रा, ६ पिग्मी कोरी (दोन्ही छोटे मासे), एक नेराइट गोगलगाय आणि चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी). श्रिंप किती ते मोजलेलं नाही, तीसेक असतील.

टँक कसा सजवावा हे सांगणारे ढिगाने आहेत. मधल्या दिवसांत आतले जीव कुठे होते आणि कसे जगले, हे मात्र मला शोधूनही नीट सापडलं नाही. म्हणून या नोंदी फक्त तेवढ्याचसाठी.

पहिला बेत होता दोन दिवसांचा. सकाळी मासे टबात, दुसऱ्या दिवशी सॉइल, संध्याकाळी मासे परत. सॉइलच्या पिशवीवरची माहिती वाचली आणि तो बेत तिथेच सोडला. नवी सॉइल पाण्यात अमोनिया सोडते, आणि तो एकदोन दिवस नाही, आठवडे सोडते. म्हणजे टबातला मुक्काम निदान महिन्याचा. मग तो टब म्हणजे माशांना थोडा वेळ ठेवायचं भांडं नाही, तो दुसरा टँकच. फिल्टर, हीटर, हवा, झाकण, सगळं हवं, आणि जुन्या टँकला हात लावायच्या आधी हवं.

४ फेब्रुवारी

धान्य साठवायच्या प्लास्टिकचा ४५ लिटरचा झाकणवाला टब आणला. घरात मोठी बादली होती, पण ती कपड्यांची. प्लास्टिकच्या बारीक ओरखड्यांत साबण राहतो आणि कितीही विसळलं तरी खात्री देता येत नाही. नवा टबसुद्धा साबण न लावता नुसत्या गरम पाण्याने घासला आणि पाणी भरून ठेवला.

भरल्यावर एक गोष्ट कळली. रिकामा असताना मजबूत वाटणाऱ्या टबाच्या लांब बाजू ३० लिटर पाण्याने चांगल्या दोन बोटं बाहेर फुगल्या. प्लास्टिकचा टब पाणी धरायला केलेला नसतो. कडेच्या खाली सामानाचा पट्टा आवळून बांधला, तेव्हा बाजू सरळ झाल्या. टब टेबलावर ठेवणार होते, तो जमिनीवरच ठेवला.

हीटरचे रबरी चोषक या खरबरीत प्लास्टिकला धरत नाहीत. दोनदा सुटून हीटर भिंतीला टेकला, आणि तापलेला हीटर प्लास्टिकला टेकणं धोक्याचं. ५० वॅटचा हीटर एका सपाट दगडाला केबल टायने बांधला आणि दगडासकट तळाशी आडवा ठेवला. हीटर पूर्ण पाण्यात बुडवायच्या प्रकारचा आहे, म्हणूनच हे चाललं.

६ फेब्रुवारी

एम्बर टेट्रा तोंडात मावेल ते खातात, आणि श्रिंपची नवजात पिल्लं दोन मिलिमीटरची. टँकमध्ये झाडोरा असतो म्हणून ती वाचतात. मोकळ्या टबात एकही वाचणार नाही. म्हणून श्रिंपसाठी वेगळा १५ लिटरचा टब. त्यात हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. त्याच्या भोकांतून पिल्लं ओढली जात नाहीत, उलट ती स्पंजवर बसून चरतात.

हा स्पंज २८ जानेवारीपासून जुन्या टँकमध्ये चालवत ठेवलाय. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते पृष्ठभागांना चिकटून वाढतात. स्पंज, फिल्टरचं मीडिया (त्याच्या आतला सच्छिद्र माल), दगड, काचा. जुनं पाणी कितीही नेलं तरी जिवाणू त्याबरोबर फारसे येत नाहीत. टँक उपसेपर्यंतचे अकरा दिवस कमी आहेत हे मला ठाऊक होतं. महिनाभर आधी टाकला असता तर बरं झालं असतं, पण बेतच तेवढा आधी ठरला नव्हता.

काल रात्री आणि आज रात्री श्रिंपसाठी सापळा लावला. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा, आत उकडलेल्या पालकाचं पान. आज सकाळी १९ मिळाल्या. त्या तशाच बाटलीसकट टँकच्या पाण्याने भरलेल्या छोट्या टबात नेल्या. जाळीने हुसकण्यापेक्षा हे कितीतरी शांत काम. विशेषतः पोटाखाली अंडी धरलेल्या माद्यांसाठी, कारण घाबरल्या की त्या शेपटीचा फटका मारून उलट्या उडतात आणि अंडी गळतात.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस लांबला. क्रमाने लिहिते.

माशांना कालपासून खायला घातलेलं नाही. पोट रिकामं असलं की टबात घाण कमी होते.

सकाळी साडेनऊ. सापळ्यात आणखी २२. म्हणजे ४१ झाल्या, आणि तरी टँकमध्ये फिरताना दिसतच होत्या. तीसचा अंदाज साफ चुकला.

दहा वाजता, काहीही न हलवता, वरचं स्वच्छ पाणी पाइपने टबांत ओढून घेतलं. मोठ्या टबात २४ लिटर, छोट्यात १०. पाइपच्या तोंडाला जुन्या नायलॉन मोज्याचं कापड बांधलं होतं, नाहीतर पिल्लं ओढली जातात. वर थोडं नवं पाणी, अँटीक्लोरीन घालून, त्याच तापमानाचं. पाणी तेच असल्यामुळे माशांना वेगळी सवय करून द्यावी लागली नाही. एवढ्याचसाठी जुनं पाणी न्यायचं.

टँकमध्ये चार बोटं पाणी उरलं. टेट्रा आता सहज धरता आल्या, दहा मिनिटांत नऊच्या नऊ. जावा मॉसचे गोळे न पिळता, न झटकता, उचलून तसेच छोट्या टबात ठेवले.

इथे चूक केली. कोरी धरायच्या आधी मोठं लाकूड उचललं. लाकडाखालची सॉइल चार वर्षांत हललेली नव्हती. ते उचलताच तळातून काळा गाळ आणि बुडबुडे वर आले, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. पाणी चहासारखं झालं, आणि त्या चार बोटं पाण्यात सहा कोरी. त्या वर येऊन हवा घ्यायला लागल्या. पिग्मी कोरी एरवीही अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतात, पण ही धावपळ वेगळी होती. हातानेच चाचपत शोधल्या. कोरीच्या पंखांना काटा असतो आणि तो जाळीत अडकला की सोडवताना पंख फाटतो, म्हणून काचेच्या पेल्याने धरल्या. पाच सापडल्या. सहावी वीस मिनिटं सापडेना. सगळा गाळ बोटांनी चाळून काढला. शेवटी लाकडाकडे लक्ष गेलं. ते मी बाहेर बादलीत ठेवलं होतं. उचलून आडवं केलं, तर बुंध्याच्या पोकळीत जेमतेम चमचाभर पाणी, आणि त्यात ती. नखाएवढा मासा, कल्ले जोरजोरात हलत होते. लाकूड तसंच टबात बुडवलं, ती आपोआप बाहेर आली.

क्रम असा हवा: पाणी, मग मासे, आणि शेवटचा मासा मोजून झाल्यावरच लाकूड-दगड.

दुसरी चूक याहून मोठी, फक्त ती आज दिसली नाही. मागे लटकणारा फिल्टर मोठ्या टबाला लावायचा होता. टबाची कड जाड आणि बाहेर वळलेली, फिल्टरचा हूक तिच्यावर बसेना. आधी एकदा लावून बघायला हवा होता. तो दुपारी दोनला बंद केला आणि कोरी शोधण्याच्या गडबडीत बाजूला राहिला. सात वाजता उघडला तेव्हा आतलं पाणी शिळं, उबट आणि वास येणारं. पाच तास बंद डब्यात, हवा नाही, वाहतं पाणी नाही. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. ते शिळं पाणी ओतून टाकलं, मीडिया टँकच्याच पाण्यात हलकेच विसळलं, जाळीच्या पिशवीत भरलं आणि टबात हवेच्या दगडाच्या बरोबर वर टांगलं, म्हणजे वर चढणारे बुडबुडे पिशवीतून पाणी ओढत राहतात. फिल्टरचं खोकं लागतच नाही, हे आधी सुचलं असतं तर पाच तास वाचले असते.

रात्री साडेदहाला काम संपलं.

९ फेब्रुवारी

लाकूड रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवलं होतं. सकाळी बादलीवर टॉर्च धरली तर कडेकडेने पारदर्शक ठिपके सरकत होते. श्रिंपची पिल्लं, नुसते डोळ्यांचे दोन काळे बिंदू आणि मधे काच. ११ मोजली. मग काल बाजूला ठेवलेलं गढूळ पाणी ओतायच्या आधी पांढऱ्या थाळीत थोडं थोडं घेऊन बघितलं. त्यात सात. जुन्या टँकमधलं काहीही, लाकूड असो, झाड असो, शेवटचं पाणी असो, एक रात्र ठेवल्याशिवाय टाकू नका आणि वाळू देऊ नका. माझ्या घाईत ही अठरा पिल्लं गेली असती.

जाळीने धरलेल्या आणि सापळ्यातल्या मिळून मोठ्या श्रिंप ५६, पिल्लं १८. एकूण ७४. पाच माद्यांच्या पोटाखाली अंडी.

रिकामा टँक धुवायला उचलला आणि नवंच काम निघालं. मागच्या डाव्या कोपऱ्यात आतल्या सिलिकॉनची कड सुटलेली, नखाने उचलता येतेय. गळती नव्हती, पण माती भरल्यावर हे दुरुस्त करणं शक्य नाही.

११ फेब्रुवारी

८ तारखेच्या पाच तासांचा परिणाम आज पाणी तपासायच्या किटवर दिसला. मोठ्या टबात अमोनिया ०.५ पीपीएम, नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं आधी हे करतात, मग नायट्रेट; हेही विषारीच) ०.२५. छोट्या टबात दोन्ही शून्य. श्रिंपची घाण माशांच्या मानाने फार थोडी, त्यांना अकरा दिवसांचा स्पंज पुरला.

पीएच ७.६. या पीएचला २५ अंश तापमानात एकूण अमोनियापैकी साधारण दोन टक्के विषारी रूपात असतो, बाकीचा अमोनियम. हाच पीएच ८.२ असता तर आठ टक्क्यांच्या आसपास गेला असता. म्हणून नुसता अमोनियाचा आकडा बघून घाबरायचं किंवा निश्चिंत व्हायचं नाही, शेजारी पीएच लिहायचा.

१० लिटर पाणी बदललं. पाण्याचं तापमान आधी थर्मामीटरने जुळवलं. दोन दिवस खाद्य बंद.

१२ ते १५ फेब्रुवारी

रोज १० लिटर. १२ ला अमोनिया ०.५, १३ ला ०.२५, १५ ला किटवर रंगच नाही. नायट्राइट दोन दिवस मागे राहिला. खाद्य एक दिवसाआड, टेट्रांसाठी दोन चिमटी, संध्याकाळी कोरींसाठी बुडणाऱ्या गोळीचा तुकडा. कोरींना मोकळा तळ सोसेना, उघड्या प्लास्टिकवर त्या सारख्या धावत होत्या. एका चपट्या थाळीत धुतलेली बारीक वाळू घालून ठेवली. अर्ध्या तासात सहाही थाळीत.

१४ ला सकाळी एक टेट्रा जमिनीवर सापडली, वाळलेली. टबाला झाकण होतं, पण हीटरच्या वायरीसाठी कोपऱ्यात दोन बोटांची खाच ठेवली होती, तिथूनच. मोकळ्या, उजळ टबात मासे बिथरलेले असतात, टँकमध्ये चार वर्षांत एकही उडाली नव्हती. आता झाकणाऐवजी मच्छरदाणीचं कापड, भोवती इलॅस्टिक, आणि तीन बाजूंनी जुना पंचा गुंडाळलाय म्हणजे आत अंधार राहील. टेट्रा त्याच दिवसापासून शांत झाल्या. पंचा पहिल्याच दिवशी गुंडाळायला हवा होता. त्या एका माशाचं मला फार वाईट वाटलं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

सिलिकॉनचं थोडक्यात. पहिली नळी आणली ती न्हाणीघराची, बुरशीरोधक. बुरशी मारणारं औषध घातलेलं सिलिकॉन टँकमध्ये चालत नाही. नळी फुकट, अर्धा दिवस गेला. नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही, त्यामुळे सुटलेला तुकडाच नाही, आतली सगळी कड ब्लेडने खरवडावी लागली. काचा जोडणारा मधला थर मात्र हलवायचा नाही. १० ला नवी कड भरली, व्हिनेगरसारखा वास पाच दिवसांनी पूर्ण गेला. १६ ला पाणी भरून टँक कोऱ्या कागदावर ठेवला.

१८ फेब्रुवारी

दोन दिवसांत कागद कोरडा. आज ९ लिटर सॉइल घातली, पाचेक सेंटिमीटरचा थर. झाडं लावली, पाणी भरलं, लटकणारा फिल्टर नव्या स्पंजसह सुरू केला. जुनं मीडिया टबातच राहील. ते जिथे जीव आहेत तिथे.

२० फेब्रुवारी

टँकमध्ये अमोनिया ४ पीपीएम. मूळ बेताप्रमाणे गेले असते तर मासे आज या पाण्यात असते.

२३ फेब्रुवारी

या सगळ्या कामातला सर्वांत वाईट दिवस.

मोठा टब बाहेरच्या खोलीत आहे. छोट्या टबाला तिथे जागा नव्हती, तो झोपायच्या खोलीत ठेवला होता. सकाळी पंचा उचलला तर सहा श्रिंप मेलेल्या. गुलाबी पडलेल्या. तळाशी आणखी चारपाच कुशीवर पडून पाय झटकत होत्या, एक वेडीवाकडी गिरकी घेत वर जाऊन पुन्हा खाली पडत होती. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान २४, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कालचाच, २४०. किटने मोजता येण्यासारखं सगळं बरोबर. बाहेरच्या खोलीतल्या टबात मासे मजेत.

अर्धा तास मला काही सुचेना. मग पंपाकडे बघितलं. एअर पंप टबाशेजारी जमिनीवर, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर प्लगमध्ये डासांचं मशीन. आईला विचारलं. म्हणाली, "काल डास फार होते गं, रात्रभर चालू ठेवलं." तिची काही चूक नाही, मीच कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या मशीनमधलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं. माणसाला त्रास कमी, पण मासे आणि कवचवाल्या जलचरांना अगदी थोडंही घातक. आणि एअर पंप म्हणजे खोलीतली हवा ओढून पाण्यातून बुडबुडत काढणारं यंत्र. झाकण कितीही घट्ट असलं तरी हवा आत येणार ती पंपाच्या तोंडातून.

मशीन बंद, खिडक्या उघड्या. टब उचलून स्वयंपाकघरात नेला. निम्मं पाणी बदललं, तापमान आणि टीडीएस जुळवून. फिल्टरच्या स्पंजला सक्रिय कोळशाची पिशवी बांधली. संध्याकाळी पुन्हा एक चतुर्थांश पाणी. रात्रीपर्यंत आणखी एक गेली. बाकीच्या मध्यरात्रीनंतर सरळ उभ्या राहून मॉस खुडायला लागल्या. मी तोवर तिथेच बसले होते.

एकूण सात. त्यांतल्या एकीच्या पोटाखाली अंडी होती.

टब ठेवाल त्या खोलीत डासांचं मशीन, झुरळांचा फवारा, उदबत्ती, काहीही नको, आणि घरातल्या प्रत्येकाला ते तोंडाने सांगा. मी आता टबावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावलीय.

१ मार्च

छोट्या टबात नवी पिल्लं. चेरी श्रिंपची पिल्लं अंड्यातून थेट छोट्या श्रिंपच्याच रूपात येतात, त्यांना वेगळं खाद्य द्यावं लागत नाही, स्पंजवरचा आणि मॉसवरचा थर पुरतो. किती ते मोजता येत नाही. टॉर्चच्या उजेडात मॉसच्या प्रत्येक काडीवर एखादं दिसतं.

टँकमध्ये अमोनिया १, नायट्राइट ५. म्हणजे काम निम्म्यावर आलं. आज मोठ्या टबातलं मूठभर मीडिया टँकच्या फिल्टरमध्ये घातलं. आता टबात एवढं कमी झालं तरी चालतं, दोन दिवस मोजून खात्री केली. फेब्रुवारीत हे केलं असतं तर टब पुन्हा कोसळला असता.

८ मार्च

सांगण्यासारखं काही नाही. टबात पाणीबदल आठवड्यातून दोनदा. टँकमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट १.

एकदा वीज दीड तास गेली. बॅटरीवरचा छोटा पंप आधीपासून आणून ठेवला होता, तो मोठ्या टबात लावला. माशांपेक्षाही मीडियाच्या पिशवीसाठी, पुन्हा तोच पाठ नको होता.

१४ मार्च

टँकमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, चार दिवस सलग. मधे एकदा खाद्याची चिमूट टाकून सडू दिली, तरी २४ तासांत दोन्ही शून्य. टँक तयार आहे असं समजून ६० टक्के पाणी बदललं, कारण नायट्रेट बरंच साठलं होतं.

१५ मार्च

सगळ्यांना एकदम न हलवता आधी पाच श्रिंप. मासे नंतर जातील, म्हणजे श्रिंपना आणि पिल्लांना टँकमध्ये लपायच्या जागा आधी कळतील.

एका भांड्यात श्रिंप आणि टबाचं पाणी. टँकमधून हवेच्या नळीने पाणी ओढून, नळीला सैल गाठ मारून, सेकंदाला दोनेक थेंब. अडीच तासांत पाणी चौपट झालं. जाळीने उचलून टँकमध्ये सोडल्या, भांड्यातलं पाणी टाकलं.

१७ मार्च

पाचांतली एक मेली. मानेजवळ, कवचाच्या दोन भागांच्या मधे, पांढरी पट्टी गोल फिरलेली. कात टाकताना अडकलेली. दुपारी दुसरी तशीच.

काय राहिलं ते शोधायला वेळ लागला नाही. मी पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजले आणि जीएच (पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम) मोजलाच नाही. टबाचं पाणी जीएच ८, टीडीएस २४०. टँक जीएच ४, टीडीएस १३०, केएच (पीएच सावरून धरणारे कार्बोनेट) जवळपास शून्य, पीएच ६.४. नवी सॉइल पाण्यातले क्षार ओढून घेते, हे मला माहीत होतं, पण एवढे ओढून घेईल असं वाटलं नव्हतं. श्रिंपला नवं कवच घडवायला पाण्यातलं कॅल्शियम लागतं, आणि पाणी असं अचानक पातळ झालं की त्या अवेळी कात टाकतात. अडीच तासांच्या थेंबांनी एवढी दरी भरत नाही.

उरलेल्या तिघी परत टबात आणल्या नाहीत. पुन्हा उलटा धक्का बसला असता.

१८ ते २४ मार्च

श्रिंपसाठी मिळणारा क्षार (जीएच वाढवणारी पावडर) रोज थोडा, पाणीबदलाच्या पाण्यात विरघळवून. पावडर थेट टँकमध्ये टाकली नाही. जीएच दिवसाला अर्धा-पाऊण अंश वर. टबाकडूनही थोडं पुढे आले: छोट्या टबात टँकचंच पाणी रोज एक लिटर घालत गेले. २४ ला टँक जीएच ७, टीडीएस १९०, टब जीएच ७, टीडीएस २०५. म्हणजे शेवटची सवय भांड्यात तीन तासांत नाही, टबातच सहा दिवसांत झाली. पुन्हा कधी करायचं झालं तर मी असंच करेन.

आधीच्या तिघी जिवंत. एकीची रिकामी कात आज पानावर सापडली, शेपटीपासून मिशांपर्यंत अखंड. ती काढली नाही, त्याच खातात.

संध्याकाळी छोटा टब रिकामा केला. मॉसचे गोळे आणि स्पंज तसेच्या तसे टँकमध्ये. मोठ्या श्रिंप पेल्याने. पिल्लांसाठी तळाचं शेवटचं दोन लिटर पाणी थेंब न लावता पेल्यापेल्याने टँकमध्ये ओतलं, कारण आता दोन्ही पाणी सारखंच होतं.

२८ मार्च

आठ टेट्रा, सहा कोरी आणि गोगलगाय टँकमध्ये. या वेळी उलटा क्रम: आधी टबातली वाळूची थाळी कोरींसकट उचलली, सहातल्या चार तशाच थाळीत बसून गेल्या. टेट्रा पाण्यात शिरल्यावर लाकडामागे गेल्या आणि दहा मिनिटांनी सगळ्या एकदम पुढे आल्या. टबात जशा फिक्या पडल्या होत्या तशाच अजून दिसतात.

ठरवलेले दोन दिवस, लागले अठ्ठेचाळीस. खर्चात बसलेलं आणि आधी न धरलेलं: दुसरा टब, दुसरा हीटर, बॅटरीचा पंप, जीएच-केएचचं किट, क्षार, आणि वाया गेलेली सिलिकॉनची नळी. गेलेले जीव: एक टेट्रा, नऊ मोठ्या श्रिंप.

३० मार्च

रात्री दिवा बंद करून टॉर्चने मोजणी केली. मोठ्या ४४ दिसल्या, तीन लाकडाखाली असाव्यात. पिल्लं मोजायचं सोडून दिलं. टेट्रांचा नारंगी रंग परत येतोय.

मोठा टब साबणाशिवाय धुऊन उन्हात वाळवला, आतून "फक्त मासे" असं कायम शाईने लिहून ठेवला. छोट्या टबातला स्पंज टँकच्या मागच्या कोपऱ्यात चालूच आहे. दिसायला बरा दिसत नाही, झाडामागे निम्मा झाकलाय. तो आता तिथून काढणार नाही.